दुपट्ट्याखाली झालेला सौदा

नांदुऱ्याहून साखरखेर्ड्याला जायला तीन तास पुरतात. मला तीन दिवस लागले, आणि निघाले तेव्हा माझा सौदा झालेला होता. तुम्ही म्हणाल, बाई बासष्ट वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, यांना घेणार कोण? मीही अगदी हेच म्हणाले होते.

त्या बाजूला फारसं कोणी हौसेनं जात नाही, म्हणून सांगायला हवं. परग्रहावरचे पाहुणे आपल्या जिल्ह्यात उतरणार अशी कुणकुण लागल्यापासून सगळी दुनिया लोणारला जाऊन बसली होती. तिथं एकदा आकाशातून काहीतरी पडलेलं आहे, तेव्हा पुन्हा पडलं तर तिथंच पडेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. कॅमेरे, तंबू, वडापावच्या गाड्या, सगळं लोणारला. आणि पाहुणे उतरले नांदुऱ्याच्या बैलबाजारात.

पहिला दिवस : नांदुरा

मी बुलढाण्याच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यापासून घरी वऱ्हाडी शब्दांचा कोश करत बसलेली असते. त्या दिवशी सकाळी एका सरकारी कार्यालयातून फोन आला.

"मॅडम, तुम्ही भाषेच्या ना? पाहुणे उतरलेत. ताबडतोब नांदुऱ्याला पोचा."

"त्यांची भाषा कोणती?"

"ते तुम्ही सांगायचं!" साहेब म्हणाले. गाडी पाठवली हे मात्र कबूल करायला हवं.

मैदानाच्या मधोमध दोन एसट्या शेजारीशेजारी लावाव्यात एवढं राखाडी यान उभं होतं. बैलांनी मान वळवून एकदा पाहिलं आणि पुन्हा कडब्याला लागले. माणसांना तेवढाही धीर नव्हता. निम्मा बाजार रेल्वे स्टेशनात जाऊन उभा होता.

यानाबाहेर दोन पाहुणे होते. एक उंच, एक माझ्या कमरेएवढा. दोघांचा रंग वांग्याचा. डोकं कुठं संपतं आणि पोट कुठं सुरू होतं याचा पत्ता नाही. पोट असावं तिथं विणलेला राखाडी पट्टा, दागिन्यासारखा. हात दोनच, पण एकेका हाताला सात सात बोटं, आणि बोटांना सांधेच सांधे. मी जमिनीवर माझे तक्ते पसरले. सूर्य, पृथ्वी, एक ठिपका, दोन ठिपके. तासभर मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात "न-म-स्का-र" म्हणत राहिले. शेवटी उंच पाहुणा पुढं आला आणि माझ्या सूर्यावर उभा राहिला.

"मॅडम, सरका बरं जरा."

मागे वळून पाहिलं तर पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा, गालात तंबाखू. हा पुंजाजी, बैलांचा दलाल.

"त्यायच्याशी तोंडानं काऊन बोलून राह्यल्या तुम्ही? तोंड कुठी हाय त्यायले?"

मी नीट पाहिलं. खरंच नव्हतं. एक तास गेला आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, याचा राग मी साहजिकच पुंजाजीवर काढला. त्यानं लक्ष दिलं नाही. गळ्यातला दुपट्टा काढून उंच पाहुण्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली सारला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचे, बोटं दाबायची, सांधे चाचपायचे. काय मागितलं, काय नाकारलं, भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. पुंजाजीची सगळी हयात या दुपट्ट्याखाली गेली होती.

उंच पाहुणा आधी ताठ झाला. मग हळूहळू वांग्याचा गुलाबी व्हायला लागला. दुपट्टा नुसता उकळत होता. पुंजाजी मधूनमधून म्हणायचा, "हं... हं... असं व्हय... हाव." पंधरा मिनिटांनी उंच पाहुण्यानं दुसरा हात वर केला, थेट माझ्याकडे बोट केलं, मग तीन बोटं दाखवली. पुंजाजीनं त्याच्या हातावर टाळी दिली. सौदा पक्का! उरलेल्या बाजारानं टाळ्या वाजवल्या. सांगायला लाज वाटते, मीही वाजवल्या.

यान उंच पाहुण्याला घेऊन दक्षिणेकडे निघून गेलं. धाकटा राहिला. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं माझ्या पदराचं टोक धरलं.

"पुंजाजी, काय ठरलं?"

"चांगलंच ठरलं." तो बैलांकडे पाहत होता. "हा लहाना तीन दिवस आपल्यासंगं राहीन. तिसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याच्या गायरानात ते येतीन अन् माल घेऊन जातीन."

"कुठला माल?"

"मॅडम, रागाऊ नका."

"पुंजाजी, कुठला माल?"

"त्यायनं बोट कोनाकडे केलं ते तुम्ही पाह्यलंच ना."

माझ्या तोंडातून आधी निघालं ते भलतंच. "मोबदल्यात काय ठरलं?"

"काई नाई. फुकटच."

"फुकट? एवढी विद्या, आणि फुकट?"

साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, आंतरग्रहीय संबंधांचा प्रश्न आहे. थोडं समजून घ्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

सौदा मोड, म्हणून मी पुंजाजीच्या मागे लागले. तो म्हणाला, "शब्द फिरवला तं उद्यापासून बाजारात माह्या दुपट्ट्याखाली कोनी हात घालनार नाई. अन् हे लोकं नाराज झाले तं काय करतीन कोनाले मालूम? एकच रस्ता हाय. मालात खोड निंगाली तं घेनारा परत करते. लाथा मारते, जुंपलं का बसते, असं काई. तीन दिवसांत तुमची एखादी खोड याले पटली का सुटल्या तुम्ही."

"माझ्यात एकही खोड नाही."

पुंजाजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग अवघड हाय," म्हणाला.

घाटाखालून घाटावर

प्रवास पुंजाजीच्या पिकअपमधून. एरवी तिच्यात बैल जातात, आणि ते गेल्याचं कळतही राहतं. चालवायला पुंजाजी, मधे पाहुणा, खिडकीशी मी. पाहुण्याची बोटं एक क्षण स्थिर नसत. गिअरवर, काचेवर, माझ्या पदरावर, सारखी चाळवाचाळव. वर्गात पेन वाजवणाऱ्या पोरांना मी बाहेर काढत असे. याला दोनदा म्हटलं, "अरे, हात शांत ठेव ना!" तो थांबायचा, आणि मिनिटाभरात पुन्हा सुरू.

खामगावला चहाला थांबलो. चहावाल्यानं पाहुण्याकडे निरखून पाहिलं. "कोनत्या गावचे पाव्हणे?"

"चिखलीकडचे," पुंजाजी म्हणाला.

"असं असं," म्हणून चहावाल्यानं तिसरा कप भरला. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटावरच्या माणसांबद्दल घाटाखाली काहीही मानून घेतात. घाटावरही तसंच चालतं.

घाट चढायला लागलो आणि मला काहीतरी खचतंय असं वाटलं. पाहते तर पाहुण्यानं आपल्या खालची सीट खाऊन टाकलेली. रेक्झिन तसंच ठेवून आतला फोम फस्त केला होता. तोंड नसताना कसा खाल्ला हे विचारू नका, मी पाहिलं नाही.

"अबे! माही सीट!" पुंजाजीनं घाटातच ब्रेक मारला.

भूक लागली असेल म्हणून झाडाखाली शिदोरी सोडली. भाकरीला त्यानं हात लावला नाही. ठेच्यात बोट घातलं. बोट टोकापासून पांढरं पडत गेलं, खांद्यापर्यंत हात पांढरा झाला, आणि तो जागच्या जागी बसकण मारून राहिला. मी घाबरून पाणी ओतायला धावले. तेवढ्यात त्यानं दुसरं बोट ठेच्यात घातलं. शेवटी मागच्या पोत्यातली बैलांची सरकी ढेप त्याला मानवली. अर्धं पोतं गेलं.

चिखलीत पुंजाजीची थोरली बहीण असते, कमलबाई. पुंजाजीनं फोनवर सगळं सांगितलेलं, त्यामुळे त्या आरतीचं ताट घेऊन दारात उभ्याच होत्या. कुंकू कुठं लावावं हा प्रश्न पडला, तेव्हा कपाळ असू शकेल अशा सगळ्या जागी त्यांनी एकेक बोट टेकवलं. टोपी दिली ती पाहुण्यानं हातावर चढवली. पंगतीत त्याला पाट, पाण्याचा लोटा आणि स्टीलच्या ताटात ढेप. आमच्या ताटात रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. रोडग्यावर तूप ओतताना कमलबाईंनी मला विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"

पुण्यात मी शिकायला होते तेव्हा हा प्रश्न विचारायला माणसं सहा महिने घ्यायची. इथं पहिल्या घासाआधी येतो.

"कोणी नाही. मी एकटीच."

"मंग गेल्या तं काय बिघडते? जाऊन या!"

मला भयंकर राग आला. माझा कोश पुरा व्हायचा आहे, म्हणाले. म पर्यंतच आलाय. कमलबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आणखी एक रोडगा वाढला. मला जायचं नव्हतं. सरळ सांगते, मी घाबरले होते. पण मी गेल्यानं कोणाचं काय अडेल हे सांगायला बसले, तर कोशाच्या पुढं दुसरं नाव सुचेना.

दुसरा दिवस : हिवरा आश्रम

हिवरा आश्रमला मोठ्या उत्सवात ट्रॅक्टरनं जेवण वाढतात, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं. आम्ही गेलो तो आडवार होता. ट्रॅक्टर नुसते उभे होते. गावातल्या एका खानावळीत पुरी आणि वांग्याची भाजी मिळाली. दोन दिवसांत मी एवढी वांगी खाल्ली, की शेजारी त्याच रंगाचा पाहुणा पाहून मला संकोच वाटायला लागला.

जेवण झाल्यावर निंबाच्या सावलीत मी पुंजाजीला म्हटलं, "आता सांग त्याला माझ्या खोडी. आणि तोंडानंही म्हणत जा. मला कळायला हवं काय सांगतोयस."

"काल तं एकबी नव्हती म्हने."

"सांगतोस की नाही?"

त्यानं दुपट्टा टाकला. लहान्याचा हात हातात घेतला. माणूस जरा विचार करेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! यादी तयारच होती.

"एक. चिडते."

दुपट्टा हलला. "काय म्हणतो?" मी विचारलं.

"कबूल म्हनते. दोन. रस्त्यानं पाट्या वाचते अन् चुका काढते. कबूल. तीन. दुसऱ्याच्या घरी कप पदरानं पुसून मंग चहा पेते."

"तो स्वच्छतेचा..."

"कबूल. चार. घोरते."

"मी घोरत नाही!"

"माह्या बहिनीनं काल भितीपल्याडून आयकलं, मॅडम. कबूल. पाच. बोलाले लागली का थांबत नाई. खामगाव सुटल्यापासून घाट लागेलोक 'काऊन' ह्या एका शब्दावर बोलत होत्या."

यावर लहान्यानं सातही बोटांनी पुंजाजीचा पंजा आवळला आणि तो मुळापासून गुलाबी झाला.

"पाचवीवर तं खूशच झाला, बाप्पा!"

"मोठी सांग एखादी," मी म्हटलं. रडकुंडीला आले होते. "खरोखरची. ऐकून परत करेल अशी."

पुंजाजीनं गालातली तंबाखू थुंकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सहा. एकटी हाय. गेली तं कोनी शोधाले येनार नाई."

"ही खोड झाली?"

"बाजारात खोडच धरतेत. कळपात नसलेलं जनावर घ्याले लोकं भेतेत."

दुपट्टा या वेळी लगेच हलला नाही. मग हळूहळू, बराच वेळ हलत राहिला. पुंजाजीनं हात बाहेर काढला आणि दुपट्टा खांद्यावर टाकला. "हेबी कबूल म्हनते," म्हणाला.

मला वाईट वाटलं. पुंजाजीचा रागही आला, आणि आपल्याबद्दल इतकं खरं कोणी इतक्या थोड्या वेळात सांगितलं नव्हतं हेही जाणवलं. उठून नळावर तोंड धुऊन आले. आल्यावर त्या खानावळीच्या पाटीतल्या दोन चुका मी दाखवल्या नाहीत.

तिसरा दिवस : साखरखेर्डा

साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा बाजारात भाजीचे ढीग लागत होते. इथून जालना जवळ, बोलीत मराठवाडा डोकावतो. एरवी मी वही काढून बसले असते. त्या सकाळी माझ्या पिशवीत वही, चष्मा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि एक बरी साडी होती. माणूस दुसऱ्या ग्रहावर जाताना काय नेतो, मला सुचलं ते मी घेतलं होतं. कोशाच्या चिठ्ठ्या कपाटात आहेत, कॉलेजला द्या, असं चिखलीहून निघताना कमलबाईंना लिहूनही दिलं होतं.

गायरानात यान आलेलं होतं. कडेला सगळं गाव. उंच पाहुणा आणि त्याच्यासोबत आणखी पाचजण आमच्याकडे चालत आले. सगळ्यांच्या पोटाभोवती तोच विणलेला राखाडी पट्टा होता. धाकट्याच्याही होता. मी तो दागिना समजत आले होते.

मी डोळे मिटले. आता हात धरतील, मग ओढतील. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा उंच पाहुणा वाकून धाकट्याचा पट्टा सोडत होता. सोडला, नीट गुंडाळला आणि आपल्याजवळ ठेवून घेतला.

पुंजाजीच्या तोंडातली तंबाखू खाली पडली.

"मॅडम," तो म्हणाला, "दावं काढून घेतलं."

"म्हणजे?"

"बैल इकला का इकनारा आपलं दावं ठेवून घेते. दाव्यासंगट देत नाई कोनी. घेनारानं आपलं दावं आनाचं." त्यानं घाम पुसला. "मॅडम, तुम्ही माल नाई. माल हा हाय. आपन याले इकत घेतलं!"

"अरे, पण तू तर..."

"आपल्या बाजारात पयले बोट घेनारा दाबते. त्यानं पयले दाबलं, मले वाटलं हा घेनारा. त्यायच्यात इकनारा पयले दाबत असन, मले काय सपनात दिसनार हाय? तुमच्याकडे बोट केलं ते, याले ह्या बाईले देतो म्हून. तीन दिवस वापरून पाहाले देले होते!"

सगळी हयात बाजारात काढलेल्या माणसानं घेणारा आणि विकणारा यांत घोळ घातला होता. एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण मी हसत होते, आणि गाव माझ्याकडे बघत होतं. मी जाणार नव्हते! मग अचानक आठवलं. फुकट. या पोराला हे लोक फुकट देऊन टाकत होते.

उंच पाहुण्यानं हात पुढं केला. पुंजाजीनं दुपट्टा टाकला.

"इमानदार हाय," तो ऐकता ऐकता म्हणाला. "याची खोड सांगून राह्यला. हा बोलते, म्हने. दिवसभर बोटं चालूच. समोर कोनी आयको न आयको. सारे थकले. तीन ठिकानी ठेवला, तिन्हीकडून वापस आला. तुमालेबी पटत नसन तं सांगा, म्हने. पट्टा पुन्हा लावतो."

"परत केला तर त्याचं काय करणार?"

पुंजाजीनं विचारलं. "दुसऱ्या बाजारात नेतीन."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो जरा बाजूला उभा होता. हात खाली सोडलेले, आणि चौदाही बोटं गप्प. तीन दिवसांत मी ती गप्प पाहिली नव्हती. गिअरवर, काचेवर, माझ्या पदरावर तो बोलत होता. माझ्याशी बोलत होता. आणि जन्मभर भाषा शिकवलेली मी त्याला म्हणत होते, हात शांत ठेव. मला अशी शरम वाटली की जमिनीत गडप व्हावं.

"मॅडम, बरी संधी हाय," पुंजाजी कुजबुजला. "वापस करून टाका. सीट खाल्ली यानं माही. ढेप खाल्ली. तुमच्या घरातल्या गाद्याबी नाई ठेवनार."

"पुंजाजी, त्यांना सांग, ही खोड नाही."

"नीट इचार करा. एकदा दाबलं का..."

"दाब!"

त्यानं दाबलं. उंच पाहुण्यानं पुंजाजीच्या हातावर टाळी दिली. आपल्यासारखीच, खणखणीत. ते सगळे यानात गेले. त्यांच्यातल्या एकानंही मागे वळून पाहिलं नाही. निदान मला तसं दिसलं नाही.

यान उठलं तशी गायरानातली धूळ उडाली. गाव डोळे चोळत मागे सरलं. धूळ बसली तेव्हा धाकटा होता तिथंच उभा होता, वर पाहत, पोटावर पट्ट्याचा फिकट वळ. मी त्याच्याजवळ गेले.

"चल," म्हटलं, "घरी जाऊ."